गप्प राहण्याचा करार

११ फेब्रुवारी १८०१. वॉशिंग्टन तेव्हा अजून शहर झालेलं नव्हतं. कॅपिटॉल ही संसदेची इमारत अर्धवट बांधलेली, रस्ते चिखलाचे, आणि त्या दिवशी वरून बर्फ पडत होता. मेरीलँडचा प्रतिनिधी जोसेफ निकोल्सन तापाने फणफणला होता. त्याला खाटेवर घालून, तशा बर्फातून, कॅपिटॉलमध्ये आणलं. सभागृहाशेजारच्या खोलीत तो पडून राहिला. बायको उशाशी बसून औषध देत होती आणि प्रत्येक फेरीला मत टाकायची पेटी त्याच्यापाशी नेली जात होती. तो घरी राहिला असता तर मेरीलँडची चारास चार अशी बरोबरी मोडली असती आणि ते राज्य ॲरन बरच्या पारड्यात गेलं असतं.

पेच असा होता. १८०० च्या निवडणुकीत थॉमस जेफरसन आणि बर या एकाच, तेव्हाच्या रिपब्लिकन पक्षाच्या दोघांना प्रत्येकी ७३ मतं पडली, कारण अध्यक्ष निवडायला राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकाने आपल्या दोन मतांपैकी कोणतं अध्यक्षासाठी आणि कोणतं उपाध्यक्षासाठी हे सांगायची सोयच राज्यघटनेत नव्हती. घटना लिहिणाऱ्यांनी पक्ष गृहीतच धरले नव्हते. मग निर्णय प्रतिनिधीगृहाकडे गेला. तिथे एका राज्याला एक मत, राज्यं १६, बहुमताला ९ लागणार. आणि ते सभागृह होतं मावळतं. नुकत्याच हरलेल्या फेडरलिस्ट पक्षाचं त्यात वर्चस्व होतं. आपल्या दोन विरोधकांपैकी कोणाला राज्यावर बसवायचं, हे हरलेल्यांनी ठरवायचं होतं.

सहा दिवस चाललं. जेफरसन ८ राज्यांवर अडकला तो अडकलाच. ३६ व्या फेरीला, १७ फेब्रुवारीला, कोंडी फुटली. व्हर्माँटचे दोन प्रतिनिधी. त्यातला फेडरलिस्ट त्या फेरीला मतदानापासून दूर राहिला आणि राज्याचं मत एकट्या मॅथ्यू लायनच्या हाती आलं. हा लायन कोण? दोन-अडीच वर्षांपूर्वी अध्यक्ष जॉन ॲडम्सच्या विरोधात लिहिलं म्हणून याच फेडरलिस्टांच्या राजद्रोहाच्या कायद्याखाली चार महिने तुरुंगात बसलेला आणि १००० डॉलर दंड भरलेला माणूस. तो तुरुंगात असतानाच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं होतं. ज्याला कोठडीत टाकलं त्याच्याच मताने सत्ता गेली, आणि ती त्यांनी जाऊ दिली. ४ मार्चला पहाटे चारच्या सुमाराला ॲडम्स घोडागाडीत बसून गावाबाहेर पडला. शपथविधीला थांबला नाही, हे त्याला शोभलं नाही असं मला वाटतं. पण तो गेला. एकही गोळी सुटली नाही.

पक्ष म्हणजे देशाला लागलेली कीड, ते नसते तर माणसं गुण्यागोविंदाने नांदली असती, असं म्हणणारी सज्जन माणसं मला नेहमी भेटतात. त्यांचा वैताग मला कळतो, मान्य मात्र होत नाही. अमेरिकेची पहिली साठ-सत्तर वर्षं हा त्याला माझा पुरावा आहे. तिथल्या पक्षांनी भांडणं निर्माण केली नाहीत. जी होती ती जीव न घेता भांडायची सवय देशाला लावली. त्यांनी घात केला तो एकाच बाबतीत. एका विषयावर भांडायचंच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि जे पक्ष त्या ठरावावर उभे राहिले त्यांतला एक त्यानेच संपला, दुसरा दुभंगला.

जेम्स मॅडिसनने १७८७ मध्ये नव्या घटनेच्या समर्थनार्थ लिहिताना गटबाजीच्या रोगावर सविस्तर विचार मांडला होता. देश मोठा असला की एकच गट सगळ्यांवर स्वार होऊ शकत नाही, हा त्याचा दिलासा. चार वर्षांत तोच मॅडिसन पक्ष उभारायला लागला होता. हा दुटप्पीपणा नव्हता, कारण मधल्या काळात अलेक्झांडर हॅमिल्टनची अर्थनीती आली होती. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या शिपायांना पगाराऐवजी सरकारी कागद मिळाले होते. पोटाला चिमटा बसल्यावर त्यांनी ते मातीमोल भावाने सावकारांना विकले. आता अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाला, ज्याच्या हातात कागद आहे त्याला पूर्ण रक्कम देऊ. मॅडिसन म्हणाला, मूळ शिपायाला काहीतरी द्या. हॅमिल्टनचा मुद्दा खोटा नव्हता. कागद ज्याच्या हाती त्याचे पैसे बुडवले तर उद्या या सरकारला कर्ज कोण देणार? मॅडिसनच्या म्हणण्यात न्याय होता. त्यामागोमाग १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक आली, दारूवरचा कर आला, आणि देश दोन बाजूंना बसायला लागला. पक्ष असे जन्माला येतात. दोन्ही बाजूंना काहीतरी खरं असतं आणि दोन्ही एकाच वेळी करता येत नाही.

वर्तमानपत्रंही लगेच वाटली गेली. परराष्ट्रमंत्री जेफरसनने फिलिप फ्रेनो या कवीला आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकाराची नोकरी दिली, आणि फ्रेनो हॅमिल्टनवर तुटून पडणारं पत्र चालवू लागला. ही गोष्ट मला खटकते. सरकारी पगारावर सरकारविरोधी पत्र चालवणं चुकीचंच होतं. वॉशिंग्टन या साऱ्याने इतका कष्टी झाला की १७९६ मध्ये पद सोडताना छापलेल्या निरोपाच्या पत्रात त्याने पक्षभावनेविरुद्ध कळकळीचा इशारा दिला. त्या पत्राचा पहिला खर्डा १७९२ मध्ये मॅडिसनने लिहून दिला होता आणि शेवटचा हॅमिल्टनने. पक्षांपासून सावध करणारा तो मजकूर दोन पक्षांच्या दोन कर्त्यांच्या हातून गेला होता. इशारा देणं सोपं, पण खरा मतभेद समोर आला की माणूस बाजू घेतोच, हे त्या एका कागदावर दिसतं.

फेडरलिस्टांनी देशाला खूप दिलं: पत, बँक, न्यायालय. जाता जाता ॲडम्सने नेमलेला जॉन मार्शल १८३५ पर्यंत सरन्यायाधीश होता, म्हणजे पक्ष मेल्यावरही त्याचा विचार पंधरा-वीस वर्षं न्यायपीठावर जिवंत होता. मग पक्ष का मेला? लोकांकडे जायला त्याला कमीपणा वाटला. आपण शहाणे आहोत, लोकांनी अधूनमधून आपल्याला निवडून द्यावं आणि बाकी वेळ गप्प बसावं, असा त्यांचा खरोखरच समज होता. १७९८ चा राजद्रोहाचा कायदा त्यातूनच आला. त्या कायद्याने अध्यक्षाची आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, बदनामी हा गुन्हा ठरवला. उपाध्यक्षाला मात्र संरक्षण नव्हतं, कारण उपाध्यक्ष होता जेफरसन. लोकांच्या हे लक्षात आलं नसेल असं मानणाऱ्या पक्षाचं भवितव्य काय असणार? पुढे इंग्लंडशी १८१२ चं युद्ध सुरू झालं, व्यापार बुडाल्याने न्यू इंग्लंड पेटलं आणि डिसेंबर १८१४ मध्ये फेडरलिस्टांचे २६ प्रतिनिधी हार्टफर्डला दाराआड जमले. त्यांच्या मागण्या घेऊन दूत वॉशिंग्टनला पोहोचले त्याच सुमाराला न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची बातमी आली, पाठोपाठ तहाचीही. सगळा देश आनंदात आणि हे तक्रारींचं भेंडोळं घेऊन दारात उभे. १८१६ मध्ये त्यांच्या उमेदवाराला निर्वाचकांची ३४ मतं पडली. त्यानंतर त्यांनी अध्यक्षपदाला उमेदवारच दिला नाही.

मग आला तो काळ, ज्याला बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने १८१७ मध्ये ‘सद्भावनेचं पर्व’ असं नाव दिलं. कॉलेजात असताना हे शब्द मला फार आवडले होते. जेम्स मन्रो गावोगाव फिरतोय, जुने फेडरलिस्ट त्याच्या स्वागताला येताहेत, आणि १८२० मध्ये २३२ पैकी २३१ मतं त्याला. एकट्या न्यू हॅम्पशरच्या विल्यम प्लमरने मत दुसऱ्याला दिलं. आपल्याकडे ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गावाचं कौतुक होतं, तसं मलाही या देशाचं कौतुक वाटलं होतं. बिनविरोध झालेल्या गावात कोणाचा आवाज निघाला नाही आणि का निघाला नाही, हे विचारायची बुद्धी बऱ्याच उशिरा आली.

कारण त्याच वर्षांत काय चाललं होतं? १८१९ मध्ये बँका कोसळल्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पण त्यांचा राग मांडायला विरोधी पक्षच नव्हता. त्याच वर्षी मिसूरीचा प्रश्न आला. न्यू यॉर्कच्या जेम्स टॅलमज या सत्ताधारी पक्षाच्याच प्रतिनिधीने सुचवलं की मिसूरीला राज्य करायचं तर तिथली गुलामी हळूहळू संपवायची अट घाला. मतं पक्षावर पडली नाहीत, पक्ष होताच एक. उत्तरेची एकीकडे, दक्षिणेची दुसरीकडे. म्हाताऱ्या जेफरसनने लिहिलं की हा प्रश्न रात्री अचानक वाजलेल्या आगीच्या घंटेसारखा आपल्याला दचकवून गेला. मिसूरी गुलामीचं राज्य, मेन मुक्त राज्य आणि पुढच्यासाठी ३६ अंश ३० कलांवर नकाशावर एक रेघ, तिच्या उत्तरेच्या मुलुखात गुलामी नाही, अशी तडजोड झाली. १८२४ ला एकाच पक्षाचे चार उमेदवार उभे राहिले. अँड्र्यू जॅक्सनला निर्वाचकांची सर्वांत जास्त म्हणजे ९९ मतं, पण बहुमत नाही. पुन्हा निर्णय प्रतिनिधीगृहाकडे, आणि तिथे हेन्री क्लेच्या पाठिंब्याने जॉन क्विन्सी ॲडम्स अध्यक्ष झाला. लगोलग क्ले परराष्ट्रमंत्री. पक्ष नाहीसे झाले म्हणून सौदे थांबले नाहीत. फक्त ते कोणाच्या नावावर मांडायचे आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचा जाब कोणाला विचारायचा, हे कळेनासं झालं.

इथे या कहाणीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा माणूस येतो. मार्टिन व्हॅन ब्युरन. न्यू यॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावच्या खानावळवाल्याचा मुलगा. घरात डच बोलत, इंग्रजी त्याची नंतरची भाषा. बापाच्या खानावळीत वकील आणि पुढारी उतरत, पोर त्यांच्या गप्पा ऐकत मोठं झालं. त्याच घरात गुलामही राबत होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. वॉशिंग्टन-जेफरसनच्या पिढीला पक्ष ही शरमेची गोष्ट वाटायची. प्रत्येकाला वाटायचं की आपला पक्ष म्हणजे तात्पुरता उपाय, समोरचे संपले की आपणही विसर्जन करू. व्हॅन ब्युरनने हे उलटवलं. पक्ष कायमचे असावेत, विरोधकही कायमचा असावा, हरलो तर घरी बसून पुढच्या निवडणुकीची तयारी करावी, असं उघडपणे मानणारा आणि त्याप्रमाणे वागणारा हा पहिला मोठा पुढारी. लोकशाहीवर त्याचे हे उपकार आहेत आणि ते मान्य केल्याशिवाय त्याच्यावर टीका करायचा हक्क मला नाही.

पण त्याचं १३ जानेवारी १८२७ चं पत्र वाचावं. रिचमंडचा संपादक थॉमस रिची याला त्याने लिहिलं की दक्षिणेतले मळेवाले आणि उत्तरेतले साधे रिपब्लिकन यांची जुनी युती पुन्हा बांधली पाहिजे. पूर्वी पक्षनिष्ठा हाच प्रांतीय द्वेषावरचा उतारा होता. ती निष्ठा गेली तर गुलामीची राज्यं आणि मुक्त राज्यं यांच्यातला द्वेष तिची जागा घेईल. निदान अचूक होतं. मात्र औषधाचा अर्थ असा होता की उत्तर आणि दक्षिण एका पक्षात राहायची तर गुलामीबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही. हा करार कुठे कागदावर झाला नाही. पण १८२८ ला जॅक्सनला निवडून आणणारा, पुढे डेमोक्रॅटिक म्हणवणारा पक्ष त्याच्यावरच उभा होता.

यंत्र मात्र जबरदस्त चाललं. १८२४ ला अध्यक्षपदासाठी साडेतीन-पावणेचार लाख लोकांनी मतं दिली होती, १८२८ ला ११ लाखांहून अधिक लोकांनी. मिरवणुका, गावोगाव समित्या, प्रत्येक पक्ष स्वतःच्या मतपत्रिका छापून मतदाराच्या हातात देणार. उमेदवार ठरवायला राष्ट्रीय अधिवेशन भरवायची कल्पना फ्रीमेसन या गुप्त मंडळाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मेसनविरोधी पक्षाने १८३१ मध्ये बाल्टिमोरला पहिल्यांदा अमलात आणली. तो पक्ष थोड्याच वर्षांत मोडला, अधिवेशन मात्र आजतागायत चालू आहे. हा सगळा उत्साह गोऱ्या पुरुषांपुरता होता. न्यू यॉर्कच्या १८२१ च्या घटनेने गोऱ्या मतदारांसाठी मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकली आणि काळ्या मतदारांसाठी २५० डॉलरची अट ठेवली. तिच्या चर्चेत व्हॅन ब्युरनही बसला होता.

करार पाळायचा म्हटला की तोंडं बंद करावी लागतात, आणि पाहता पाहता ते कायद्यात उतरतं. १८३५ मध्ये चार्ल्सटनला जमावाने टपालातून आलेली गुलामीविरोधी पत्रकं काढून जाळली. पुढच्या वर्षी असं साहित्य दक्षिणेत वाटू नये म्हणून सिनेटमध्ये विधेयक आलं, मतं समसमान पडली, आणि उपाध्यक्ष व्हॅन ब्युरनने आपलं मत विधेयकाच्या बाजूने टाकलं. नंतर ते पडलं ही वेगळी गोष्ट. प्रतिनिधीगृहाने मे १८३६ मध्ये ठराव केला की गुलामीविषयी आलेला कुठलाही अर्ज न वाचता, न छापता बाजूला ठेवायचा. सह्या लाखांनी येत होत्या, त्यात बायकांच्या फार मोठ्या संख्येने. मत नसलेल्या माणसाला अर्ज करणं एवढाच काय तो आवाज होता, तोही काढून घेतला.

याविरुद्ध उभा राहिला तो माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स. अध्यक्षपद गेल्यावर हा गृहस्थ प्रतिनिधी म्हणून पुन्हा निवडून आला होता. सत्तरीच्या घरातला, टकलू, हात थरथरणारा. रोज नवा अर्ज काढायचा, रोज त्याला खाली बसवायचे. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्याने सभापतींना विचारलं, माझ्याकडे गुलामांनी पाठवलेला म्हणून एक अर्ज आला आहे, तो या नियमात बसतो का? सभागृह पेटलं. त्याचा निषेध करा, त्याला काढा, अशी ओरड झाली. गुलाम अर्ज करू शकतो ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. तो ठराव ३ डिसेंबर १८४४ ला रद्द झाला. आठ वर्षं एक म्हातारा रोज हरत राहिला आणि शेवटी जिंकला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस.

जॅक्सनविरोधकांनी १८३४ च्या सुमाराला व्हिग नाव घेतलं. व्हिगांबद्दल मला ओढ आहे हे कबूल करतो. रस्ते, कालवे, शाळा, उद्योगांना संरक्षण, सरकारने देश उभारायला हात लावावा, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण हा पक्ष जॅक्सनवरच्या रागातून जमलेली मोट होता: बँकवाले, मेसनविरोधक, सुधारक आणि दक्षिणेतले मोठे गुलाममालक. करार त्यांनीही पाळला, आणि तो पाळायची त्यांची रीत म्हणजे काहीच न बोलणं. १८४० मध्ये त्यांनी जाहीरनामाच काढला नाही. विरोधी पत्राने त्यांच्या उमेदवाराची, विल्यम हेन्री हॅरिसनची, टिंगल केली की याला पिंपभर सायडर (सफरचंदाची दारू) आणि पेन्शन द्या, लाकडी खोपट्यात बसून राहील. व्हिगांनी तेच उचललं. गावोगाव खोपटी उभी राहिली, सायडर वाहिली, गाणी झाली. वास्तविक हॅरिसन व्हर्जिनियातल्या मळ्यावरच्या मोठ्या वाड्यात जन्मला होता. हक्कदारांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी मतदान केलं आणि निर्वाचकांच्या मतांत २३४ विरुद्ध ६० असा विजय मिळाला. शपथविधीनंतर महिन्याभरात हॅरिसन वारला, उपाध्यक्ष जॉन टायलर गादीवर आला आणि त्याने पक्षाचं बँकेचं विधेयक दोनदा फेटाळलं. पक्षाने त्याला हाकललं. पण जाहीरनामाच नव्हता, तर टायलरने काय मोडलं म्हणायचं?

पुढचं वेगाने घडलं. १८४४ ला व्हिगांचा उमेदवार क्ले याने टेक्सास संघराज्यात घ्यायचा का याबद्दल इकडचंही बोलून पाहिलं आणि तिकडचंही. एकट्या न्यू यॉर्कमध्ये तो ५ हजारांच्या आसपास मतांनी हरला, आणि त्याच राज्यात गुलामीविरोधी लिबर्टी पक्षाला १५ हजारांवर मतं होती. त्यामुळे डेमोक्रॅट जेम्स पोक अध्यक्ष, मेक्सिकोशी युद्ध, प्रचंड नवा मुलूख, आणि त्या मुलुखात गुलामी असावी का हा प्रश्न. नकाशावरची जुनी रेघ अपुरी पडली. १८४८ ला व्हिगांनी पुन्हा जाहीरनाम्याविना शंभरावर गुलामांचा मालक असलेला सेनापती झॅकरी टेलर उभा केला. आणि त्याच वर्षी फ्री सॉइल पक्षाचा उमेदवार म्हणून मैदानात कोण? मार्टिन व्हॅन ब्युरन. नव्या मुलुखात गुलामी नको, या घोषणेबरोबर ‘मुक्त वाणी’ ही घोषणाही त्या पक्षाची होती. ज्याने गप्प राहण्याचा करार बांधला त्यालाच एकवीस वर्षांनी तो पेलवेना. त्याला दहा टक्के मतं मिळाली. यात जुन्या राजकीय सुडाचाही भाग होता हे खरं, पण माणूस तिथे उभा राहिला एवढं मी त्याच्या खात्यावर जमा धरतो.

१८५० ची तडजोड झाली, तिच्यात पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा होता, आणि त्याच्यावर सही केली मिलर्ड फिलमोर या व्हिग अध्यक्षाने. १८५२ ला दोन्ही पक्षांचे जाहीरनामे निघाले. दोघांनीही लिहिलं की हा विषय मिटला, तो पुन्हा उकरून काढण्याच्या प्रयत्नांना आम्ही विरोध करू. डेमोक्रॅटांनी तर काँग्रेसच्या आत आणि बाहेरही, असं स्पष्ट घातलं. देशातले दोन्ही मोठे पक्ष नागरिकांना लेखी सांगत होते की याबद्दल बोलू नका. उमेदवार ठरवायला व्हिगांना ५३ फेऱ्या लागल्या. विनफिल्ड स्कॉटला चार राज्यं मिळाली. क्ले आणि वेबस्टर, पक्षाचे दोन्ही खांब, त्याच वर्षी गेले.

आता बॉस्टनला चला. २४ मे १८५४. अँथनी बर्न्स, वीस वर्षांचा, व्हर्जिनियातून पळून आलेला, कपड्यांच्या दुकानात काम करणारा तरुण. दागिन्यांच्या चोरीचा खोटा आळ घेऊन त्याला पकडलं आणि कोर्टात उभं केलं. बर्न्स कोठडीत असतानाच, ३० मेला, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली आणि १८२० ची ती रेघ पुसली गेली. २ जूनला बर्न्सला सैनिकांच्या वेढ्यातून धक्क्यावर नेलं. रस्त्यांच्या कडेला सुमारे ५० हजार माणसं. इमारतींवर काळी कापडं, झेंडे उलटे, वर टांगलेली एक शवपेटी आणि तिच्यावर शब्द ‘स्वातंत्र्य’. एका माणसाला जहाजापर्यंत पोहोचवायला अमेरिकेच्या सरकारला फौज लागली. गिरणीच्या कापडाचा व्यापारी, कट्टर व्हिग असलेला अमॉस लॉरेन्स नंतर म्हणाला की आम्ही रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे, तडजोडीवर विश्वास असणारे व्हिग म्हणून आणि उठलो ते पार वेडे गुलामीविरोधक होऊन.

व्हिग पक्ष त्या एका रात्रीत मेला नाही, पण लॉरेन्ससारखी माणसं गेल्यावर त्यात उरलं काय? नेब्रास्काच्या कायद्यावर उत्तरेचे व्हिग विरोधात आणि दक्षिणेचे बहुतेक बाजूने, असं मतदान झालं. डेमोक्रॅट टिकले, पण बाजूने मत देणाऱ्या उत्तरेकडच्या ४४ डेमोक्रॅट प्रतिनिधींपैकी पुढच्या निवडणुकीत ७ परत आले. काही काळ परदेशी कॅथलिकांच्या द्वेषावर उभा राहिलेला नो-नथिंग पक्ष ती जागा घेणार असं वाटलं. १८५६ ला त्यांना एकटं मेरीलँड मिळालं आणि गुलामीच्याच प्रश्नावर तेही दुभंगले. जागा घेतली विस्कॉन्सिन, मिशिगनमधल्या सभांतून उभ्या राहिलेल्या नव्या रिपब्लिकन पक्षाने. जेफरसनच्या पक्षाचं नाव त्याने घेतलं, एवढाच त्यांचा संबंध.

माझ्या या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप आहे. तो असा की गप्प राहिल्यामुळेच संघराज्य टिकलं. १८२० ला किंवा १८३२ ला तोंड उघडलं असतं तर देश तेव्हाच फुटला असता, उत्तरेकडे तेव्हा ना रेल्वे होती ना तेवढे कारखाने, आणि गुलामी आणखी कितीतरी वर्षं टिकली असती. शिवाय, बोलायला लागल्यावर काय झालं? युद्ध. सहा लाखांहून जास्त मृत्यू.

हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. पण हा हिशोब करार करणाऱ्यांच्या मनात नव्हता. उत्तर बळकट होईपर्यंत थांबू, असं व्हॅन ब्युरनने रिचीला लिहिलेलं नाही. त्याला युती टिकवायची होती. आणि वेळ मिळाला तो कोणाच्या जिवावर? १८२० च्या जनगणनेत गुलाम होते सुमारे १५ लाख ३८ हजार, १८६० च्या जनगणनेत ३९ लाख ५३ हजार. टिकलेल्या शांततेचा खर्च या माणसांनी भरला, आणि ते कोणत्याच पक्षाच्या यादीत नव्हते.

युद्धाबद्दल मला एवढंच दिसतं. १८०१ आणि १८६१, दोन ४ मार्च, मध्ये साठ वर्षं. १८०१ ला हरलेल्यांनी सत्ता सोडली, कारण बारा वर्षं ते जेफरसनच्या लोकांशी कर्ज, बँक, फ्रान्स, इंग्लंड यांवर कडाकडा भांडले होते आणि हा माणूस आपलं घर जाळणार नाही एवढा अंदाज त्यांना आला होता. १८६१ ला लिंकनचा शपथविधी व्हायच्या आधीच सात राज्यं बाहेर पडली होती. बँकेवर भांडायची त्या देशाला तीस वर्षांची तालीम होती, जकातीवर भांडायची होती. गुलामीवर एका पक्षात बसून, एका टेबलावर, हरायची तयारी ठेवून भांडायची तालीम शून्य होती. पक्षांनी ती करूच दिली नाही. मेथडिस्टांचं चर्च १८४४ ला फुटलं, बाप्टिस्टांचं १८४५ ला. उत्तर-दक्षिणेला धरून ठेवणारे धागे पक्षच उरले होते आणि ते धागे ओठ शिवायला वापरले गेले.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांनी ज्यांचा गौरव केला त्यांची यादी करू गेलं तर त्यात अर्ज पाठवणाऱ्या बायका येतील, ॲडम्स येईल, बॉस्टनच्या रस्त्यावरची माणसं येतील. १८५२ च्या दोन जाहीरनाम्यांवर हात उंचावणारं कोणी त्या यादीत बसणार नाही.

२४ ऑगस्ट १८५५ ला स्प्रिंगफिल्डचा एक वकील, एके काळचा व्हिग प्रतिनिधी, केंटकीतल्या आपल्या जुन्या मित्राला पत्र लिहायला बसला. मित्र जोशुआ स्पीड गुलाममालकांच्या बाजूचा. दोघे तरुणपणी एका छपराखाली राहिलेले. लिंकनने त्याला १८४१ च्या बोटीच्या प्रवासाची आठवण दिली. लुइसव्हिलहून सेंट लुइसकडे जाताना त्या बोटीवर दहा-बारा गुलाम बेड्यांनी एकमेकांना जखडलेले होते. ते दृश्य मला सतत छळतं, असं त्याने लिहिलं. या बिचाऱ्यांची शिकार होताना पाहून मला चीड येते, पण मी ओठ चावतो आणि गप्प राहतो. आणि पुढे, तू विचारतोस मी आता कुठे उभा आहे: मला वाटतं मी व्हिग आहे, पण लोक म्हणतात व्हिग आता उरलेच नाहीत.